एम.ए. करून डॉक्टर होता येते का?

(तृतीय वर्ष कला, मानसशास्त्र)

गेल्या दिवाळीत अमेरिकेहून मामांचा फोन आला आणि आमच्या घरातला एक मिटलेला विषय पुन्हा उघडा झाला. मामा न्यू जर्सीत एडिसनला राहतात. त्यांची मुलगी माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. जीवशास्त्राची चार वर्षांची पदवी, त्यानंतर तिथली प्रवेशपरीक्षा, मग डझनावारी मेडिकल कॉलेजांना अर्ज आणि सगळीकडून नकार, एवढे सोसून ताई आता एका वर्षाचा मास्टर्सचा अभ्यासक्रम करते आहे. “त्यानं तिचा अर्ज भक्कम होईल,” मामा म्हणाले. फोन स्पीकरवर होता. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. फोन संपल्यावर ते मला म्हणाले, “तू तर पुढच्या वर्षी एम.ए. करणारच आहेस. मग जोडीला पुन्हा एकदा नीट का देत नाहीस? एम.ए.चा तेवढाच उपयोग होईल.”

बाबांच्या या वाक्यावर मी चार महिने विचार करते आहे. हा लेख म्हणजे त्या विचाराचे फळ आहे असे समजावे. फळ कच्चे निघाल्यास प्राध्यापकांनी सांभाळून घ्यावे!

प्रथम माझी कर्मकथा थोडक्यात सांगते. २०२२ साली मी विज्ञान शाखेतून बारावी झाले. त्या वर्षीची नीट १७ जुलैला, भर पावसात झाली. ७२० पैकी ४१२ गुण पडले. मग सर्वांनी सांगितले म्हणून एक वर्ष थांबून लातूरला गेले. ज्या शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरात आमच्या कोकणची मुलगी बादली-बादली पाणी मोजायला आणि दिवसाला दोनशे प्रश्न सोडवायला शिकली. ७ मे २०२३ च्या परीक्षेत ४६८ झाले. सरकारी महाविद्यालयाला शंभराहून अधिक गुण कमी पडले आणि खाजगीची फी आमच्या घराच्या आवाक्याबाहेरची. आयुर्वेदाला प्रवेश मिळण्यासारखा होता, परंतु ‘एम.बी.बी.एस. नाही तर निदान हे’ अशा मनाने त्या शास्त्राकडे जाणे हा त्या शास्त्राचाच अपमान आहे असे मला वाटले. घरच्यांना तो माझा हट्ट वाटला. गंमत म्हणजे त्याच वर्षी, २०२३ मध्ये, आमच्या रत्नागिरीत शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि मी प्रथम वर्ष कलाचा अर्ज भरला.

असो. आता मूळ प्रश्नाकडे वळते. आपल्याकडे पदव्युत्तर शिक्षणाने मेडिकलचा प्रवेश सोपा होतो काय? याचे उत्तर एका शब्दात देता येते: नाही. आजोबांच्या वेळी इंटर सायन्सचे गुण पाहत, पुढे बारावीचे पाहू लागले, मग सी.ई.टी. आली, आणि आता नीट. नीटच्या नियमात बी.एस्सी. झालेल्यालाही पात्र धरले आहे. २०२२ मध्ये कमाल वयाची अटही काढून टाकली. म्हणजे तिशीतला माणूससुद्धा परीक्षेला बसू शकतो. पण बसू शकतो, एवढेच. पदार्थविज्ञानाचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० असे एकशे ऐंशी प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकले तर एक वजा. गुणवत्ता यादी लागते ती यावर. तुमच्या बी.एस्सी.चा, एम.एस्सी.चा, एम.ए.चा त्यात अर्धा गुणही मिळत नाही.

याहून मोठी गंमत पुढेच आहे. वैद्यकीय महाविद्यालयांतून शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन या विषयांत एम.एस्सी. करता येते, आणि त्यासाठी एम.बी.बी.एस. असावेच लागते असे नाही. अशी पदवी घेतलेले कित्येक अध्यापक एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात. शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभे राहून हाताच्या पंजाची सत्तावीस हाडे मुलांना ओळखायला लावणारा हा शिक्षक उद्या स्वतः डॉक्टर व्हायचे म्हणाला, तर त्याने आपल्या विद्यार्थ्यांच्या धाकट्या भावंडांबरोबर नीटच्या रांगेत उभे राहायचे! त्याला जे येते त्याची नोंद करायला त्या अर्जात जागाच नाही.

मग अमेरिकेत ही जागा कुठून आली? तिथेही ती पूर्वी नव्हती. १८८३ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या तेव्हा त्यांच्याजवळ कोणतीही पदवी नव्हती; त्यांच्या अर्जाच्या पत्रावर त्यांना प्रवेश मिळाला आणि १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. पुढे १८९३ साली उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय विद्यालयाने ‘आधी पदवी, मग वैद्यक’ असा दंडक घातला आणि हळूहळू देशभर तोच रिवाज पडला. आता तिथे मेडिकलला येणारा जवळजवळ प्रत्येक जण पदवीधर असतो. साहजिकच ज्याची पदवी थोडी कच्ची पडली, तो तिच्यावर आणखी एक मजला चढवू पाहतो.

मात्र कोणताही मजला चालत नाही, हे ताईने मला समजावून सांगितले, आणि ते आपल्याकडे कोणी सांगत नाही म्हणून इथे लिहिते. पदवीचे गुण एका रकान्यात आणि मास्टर्सचे वेगळ्या रकान्यात दाखवले जातात. मास्टर्सला कितीही उत्तम गुण मिळवले तरी पदवीचा आकडा जागचा हलत नाही. त्यामुळे ज्याची पदवी बरी आहे, पण प्रवेशपरीक्षेत कमी पडले आहेत (ती परीक्षा ४७२ ते ५२८ अशा चमत्कारिक मापाची आहे), त्याने मास्टर्स करणे म्हणजे डोके दुखते म्हणून गुडघ्याला लेप लावणे. त्याने परीक्षाच पुन्हा द्यावी. सार्वजनिक आरोग्याची किंवा संशोधनाची मास्टर्स पदवी चांगलीच. परंतु विज्ञानात कच्चे गुण मिळालेल्याला ‘मला आता विज्ञान झेपते’ हे तिच्याने सिद्ध करता येत नाही. ते सिद्ध करण्यासाठी खास अभ्यासक्रम निघाले आहेत. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातला त्यांपैकी प्रसिद्ध आहे. तिथे हे विद्यार्थी मेडिकलच्या पहिल्या वर्षाचे विषय मेडिकलच्याच मुलांबरोबर शिकतात, आणि त्यांचे गुण त्या मुलांच्या गुणांशी ताडून पाहिले जातात. चांगले झाले तर अर्जाला बळ येते. वाईट झाले तर मात्र उरलीसुरली आशाही जाते, कारण आता ‘तेव्हा मी लहान होते’ असे म्हणायची सोय राहत नाही. ताई अशाच एका अभ्यासक्रमाला आहे. प्रवेशाची हमी तिला कोणी दिलेली नाही. खर्च आपल्या रुपयांत सांगायचा तर लाखांच्या घरात जातो, आणि मामांनी त्यासाठी कर्ज काढले आहे, हे त्यांनी बाबांना त्या फोनवर सांगितले नव्हते.

आता कोणती रीत बरी? वर्गात आमचा यावर वाद झाला. माझ्या एका मैत्रिणीचे म्हणणे, अमेरिकेची; कारण तिथे माणसाला सुधारायची संधी आहे. मला ते निम्मे पटते. सतराव्या-अठराव्या वर्षी एका दुपारी सोडवलेल्या पेपरावर माणसाची पात्रता कायमची ठरवायची आणि त्यानंतर तो जे जे शिकेल त्याच्याकडे डोळे मिटायचे, यात न्याय नाही. पण संधीलाही किंमत पडते. आपल्या नीटची फी खुल्या वर्गाला १७०० रुपये आहे. लातूरचा किंवा कोट्याचा खर्च वेगळा, हे कबूल. तरीही कर्ज न काढता घरी बसून अभ्यास करणारा एखादा मुलगा त्या यादीत शिरू शकतो. एक वर्षाची फी भरून स्वतःला पुन्हा सिद्ध करण्याची संधी फी भरू शकणाऱ्यालाच असते. आपल्याकडे असे अभ्यासक्रम निघाले, तर ते कोणाच्या मुलांसाठी निघतील हे सांगायला ज्योतिषी नको. त्यापेक्षा शरीररचनेत एम.एस्सी. झालेल्यासारख्या, वैद्यकाचा भाग खरोखर शिकलेल्यांसाठी सरकारने थोड्या जागा ठेवाव्यात असे मला वाटते. इंग्लंडात पदवीधरांसाठी चार वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम या शतकाच्या आरंभापासून आहे. आपल्याला तो अशक्य का असावा?

पण ते होईल तेव्हा होईल. आज प्रश्न माझा आणि माझ्यासारख्यांचा आहे. आपल्या गावात कोणाही नीट दिलेल्या मुलाला विचारा, “काय करतोस?” तो म्हणतो, “सध्या बी.एस्सी. लावलंय.” लावलंय! जणू पाण्याचा पंप लावला आहे, टाकी भरली की बंद करायचा. असा मुलगा प्रयोगशाळेत उभा असतो, पण त्याचे लक्ष मे महिन्याकडे. तीन वर्षांनी ना त्याला नीट साधते, ना प्राणिशास्त्र येते. मीही प्रथम वर्षाला ‘बी.ए. लावले’ होते. सेन्सस ऑफ इंडियाच्या तक्त्यांखाली लपवून एन.सी.ई.आर.टी.चे जीवशास्त्र वाचले आहे. हे आमच्या सरांना आज प्रथमच कळते आहे, त्यांनी रागावू नये.

ते वाचन थांबले ते द्वितीय वर्षाला. अभ्यासभेटीसाठी आम्हाला इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयात नेले होते. महाराष्ट्रात अशी सरकारी मनोरुग्णालये चार. ठाणे, पुणे, नागपूर आणि आपले रत्नागिरी. लहानपणापासून त्या कुंपणावरून जाताना आम्ही एकमेकींना चिडवत आलो होतो. आत गेल्यावर पाहिले की एका रुग्णाभोवती मनोविकारतज्ज्ञ असतो, परिचारिका असते, तशी चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ असते आणि समाजसेवा अधीक्षकही असतो. एका बाईंनी आम्हाला सांगितले की बरे झालेल्या माणसाला घरी न्यायला घरचेच येत नाहीत, तेव्हा औषध देणाऱ्याचे काम संपलेले असते आणि त्यांचे सुरू होते. त्या बाई डॉक्टर नव्हत्या. दवाखान्यातले असे काम डॉक्टर न होता करता येते हे मला विसाव्या वर्षी, माझ्याच गावात कळले.

तेव्हा मी एम.ए. करणार आहे ती चिकित्सा-मानसशास्त्रात. त्यानंतर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले प्रशिक्षण घ्यावे लागते, त्याच्या जागा थोड्या असतात आणि तिथेही प्रवेशपरीक्षा आहेच. ती चुकत नाही! सगळे सुरळीत झाले तर मला रुग्णालयात काम करता येईल. औषध लिहून देता येणार नाही. याचे वाईट वाटत नाही असे मी म्हणणार नाही. नव्या वैद्यकीय महाविद्यालयाची पांढऱ्या कोटातली मुले एस.टी. स्टँडवर दिसली की आजही मी दुसरीकडे बघते.

बाबांना हे सगळे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे नीटचा अर्ज भरायचा नाही?” मी नाही म्हटले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मामांना फोन लावला आणि ताईच्या कर्जाची चौकशी केली.

माझी लातूरची पुस्तके मी शेजारच्या बारावीतल्या मुलीला देऊन टाकली. अकरावीचे जीवशास्त्र तेवढे ठेवून घेतले आहे. त्यात मज्जासंस्थेवरचा धडा आहे, तो एम.ए.ला लागेल.