सांडपाण्यात मुरलेली विद्या

नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठाचे नाव निघाले की पूल, धरणे आणि क्वांटम संगणक आठवतात. पण या विद्यापीठाची एक मोठी कमाई सांडपाण्यातली आहे.

मार्टिनस बायरिंक १८९५ मध्ये तिथे प्राध्यापक झाले. त्याआधी ते डेल्फ्टच्याच यीस्ट कारखान्यात संशोधक होते. तंबाखूच्या पानांवरचा रोग जिवाणूंहून वेगळ्या, जिवंत पेशीतच वाढणाऱ्या घटकामुळे होतो, असे त्यांनी १८९८ मध्ये मांडले. विषाणूशास्त्राचा पाया त्यातूनच घातला गेला. हा घटक द्रवरूप असतो, हा त्यांचा अंदाज मात्र पुढे चुकीचा ठरला. हवा तो जिवाणू शोधत बसण्यापेक्षा त्याला मानवेल असे खाद्य आणि वातावरण द्यावे, म्हणजे तो आपोआप वरचढ होतो, ही त्यांची पद्धत आजही वापरात आहे. १९२१ मध्ये त्यांची जागा आल्बर्ट क्लायव्हर यांनी घेतली आणि परंपरा पुढे चालली.

१९९० च्या दशकात त्याच यीस्ट कारखान्याची वारसदार असलेल्या कंपनीच्या सांडपाणी प्रकल्पात अमोनिया प्राणवायूशिवाय नाहीसा होताना दिसला. हिशेब जुळेना. प्राध्यापक खाइस क्यूनेन आणि सहकाऱ्यांनी त्यामागचे जिवाणू शोधले. ते अमोनिया आणि नायट्राइटपासून थेट नायट्रोजन वायू बनवतात. त्यामुळे पाण्यात हवा सोडण्याचा विजेचा खर्च बराच वाचतो. प्राध्यापक मार्क व्हान लोसड्रेख्त यांनी अशा प्रक्रिया प्रत्यक्ष प्रकल्पांपर्यंत नेल्या. २०१८ मध्ये ते स्टॉकहोम जल पुरस्काराचे एक मानकरी ठरले.

हे जिवाणू दुप्पट व्हायला दहा-बारा दिवस घेतात. रॉटरडॅमला २००२ मध्ये पहिला मोठा रिॲक्टर उभा राहिला. तो मार्गी लागायला साडेतीन वर्षे गेली. तीन वर्षांत निकाल दाखवा, नाहीतर अनुदान बंद, असा नियम असता तर तो रिॲक्टर मोडीतच निघाला असता.

नामवंत प्राध्यापकांच्या याद्यांत प्रत्येक नाव सुटे छापले जाते. त्यातून मोठे संशोधन म्हणजे एकट्या बुद्धिमंताची करामत, असा समज होतो. डेल्फ्टचा अनुभव वेगळा आहे. तिथे एकाच विषयाची गादी शतकभर रिकामी पडली नाही, शेजारच्या कारखान्याची घाण प्रयोगशाळेला वर्ज्य वाटली नाही आणि न जुळणारा हिशेब कोणी दडपला नाही. संशोधनाला पैसा देणाऱ्यांनी पुरस्कारांची मोजदाद करण्याआधी या तीन गोष्टींची चौकशी करावी. पुरस्कार मागाहून येतात.