पडद्यावरची प्रयोगशाळा किती खरी?

एखाद्या गुन्हेकथेच्या मालिकेला 'अगदी वास्तव आहे हो!' अशी दाद मिळाली की पुढे कोणी फारशी चौकशी करीत नाही. वास्तव म्हणजे कोणत्या बाबतीत वास्तव, आणि ते ताडून पाहिले कोणी, हे प्रश्न विचारायचे राहूनच जातात. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने मात्र ते विचारलेच पाहिजेत.

'सी. आय. डी.' ही १९९८ साली सुरू झालेली हिंदी मालिका तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. तिच्यातले डॉ. साळुंखे परीक्षानळी हलवतात, संगणकाकडे एक नजर टाकतात आणि समोरच्याचा प्रश्न पुरा होण्याच्या आत निकाल सांगून मोकळे होतात. पण या मालिकेला वास्तव असे कोणी म्हणत नाही. दार मोडणाऱ्या इन्स्पेक्टर दयाची जशी मजा वाटते, तशीच डॉ. साळुंख्यांचीही वाटते. तेव्हा तिच्यावर रागावण्याचे कारण नाही. माझी तक्रार आहे ती ज्यांच्या खरेपणाचे गोडवे गायले जातात अशा मालिकांबद्दल. त्यांतल्या दोन अमेरिकन मालिका आपण पाहू या.

पहिली 'सी. एस. आय.', म्हणजे 'क्राइम सीन इन्व्हेस्टिगेशन'. २००० ते २०१५ अशी पंधरा वर्षे ती चालली. लास व्हेगास शहरातील न्यायसहायक विज्ञानाची प्रयोगशाळा हीच तिची नायिका. त्या प्रयोगशाळेतली बरीचशी उपकरणे खरी असतात आणि रसायनांची नावेही खरी असतात. म्हणून तर लोकांचा विश्वास बसतो. उदाहरणार्थ, ल्युमिनॉल घ्या. पुसून टाकलेल्या रक्तावर ल्युमिनॉल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे मिश्रण फवारले की अंधारात निळसर प्रकाश दिसतो. रक्तातील हिमोग्लोबिनमधले लोह या रासायनिक क्रियेत उत्प्रेरकाचे काम करते. हे सारे शंभर टक्के खरे आहे. पण फरशी धुण्याच्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्यावरही तसाच प्रकाश पडतो. तांब्याच्या क्षारांवर पडतो, सलगमासारख्या काही कंदांच्या रसावरही पडतो! म्हणून खरा तपासनीस प्रकाश पाहून 'रक्त सापडले' असे म्हणत नाही. 'येथे रक्त असू शकेल, नमुना घेऊन दुसरी चाचणी करा,' असे म्हणतो. पडद्यावर मात्र निळा प्रकाश पडला की संगीत वाजते आणि खुनी घामाघूम होतो.

डी. एन. ए. चाचणीचेही तसेच. गुन्ह्याच्या जागी सापडलेला डी. एन. ए. अत्यल्प असतो, म्हणून पी. सी. आर. या प्रक्रियेने त्याच्या प्रती काढतात. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात. एका रेणूपासून सुरुवात केली तर २८ फेऱ्यांनंतर किती होतील? कागद-पेन्सिल घेऊन करून पाहा. उत्तर येते २६,८४,३५,४५६. एवढ्या फेऱ्या, त्याआधीचे शुद्धीकरण, त्यानंतर तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणे, यांना तास लागतात. आणि प्रयोगशाळेत आपल्या आधी आलेले नमुने रांगेत असतील तर आठवडे आणि महिनेही लागतात. गालाच्या आतून घेतलेल्या स्वच्छ नमुन्याची चाचणी सुमारे दीड तासात करणारी यंत्रे आता निघाली आहेत हे खरे. पण गुन्ह्याच्या जागचे नमुने इतके स्वच्छ क्वचितच असतात. आणि धूसर छायाचित्र 'मोठे करा, अजून मोठे करा' म्हणत मोटारीचा क्रमांक वाचणे, त्याबद्दल तर बोलायलाच नको. चित्रात जी माहिती टिपलीच गेली नाही ती मोठे केल्याने कोठून येणार? आजचे संगणक असे चित्र रेखीव करून देतात खरे, पण ते रिकाम्या जागा अंदाजाने भरतात. तो अंदाज म्हणजे पुरावा नव्हे.

आता कोणी म्हणेल, नाटकात वेळ थोडा आखडता घ्यावाच लागतो, एवढे काय मनावर घ्यायचे? अगदी मान्य. महिन्यांचे काम पाऊण तासात दाखवले याबद्दल माझे भांडण नाही. माझे भांडण दुसरेच आहे. या मालिकेत यंत्र खरे असते, पण यंत्राच्या उत्तराबरोबर जी शंका यायला हवी ती कापून टाकलेली असते. पडद्यावरच्या शास्त्रज्ञाला 'कदाचित' हा शब्दच ठाऊक नाही.

ही शंका कापून टाकली म्हणजे काय होते, याची एक विलक्षण हकिगत जर्मनीत घडली आहे. १९९३ पासून जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्स या देशांत घडलेल्या गुन्ह्यांच्या जागी एकाच स्त्रीचा डी. एन. ए. सापडू लागला. खून, दरोडे, किरकोळ घरफोड्या, सर्वत्र तीच. २००७ साली हाइलब्रॉन शहरात एका पोलीस अधिकारी स्त्रीचा खून झाला, तेथेही हीच. सुमारे चाळीस ठिकाणी तिचा माग लागला, तीन लाख युरोंचे बक्षीस लावले गेले. पण तिला कोणी पाहिले नव्हते, तिचे कोणी साथीदार नव्हते, तिच्या गुन्ह्यांत काही मेळही नव्हता. अखेर एका पुरुषाची ओळख पटवताना त्याच्याशी संबंधित नमुन्यावरही याच स्त्रीचा डी. एन. ए. निघाला तेव्हा पोलिसांना संशय आला. २००९ च्या मार्च महिन्यात उलगडा झाला. ती स्त्री होती एका कारखान्यातील कामगार. नमुने घेण्यासाठी पोलीस जे कापसाचे बोळे लावलेल्या काड्या वापरीत, त्या तिच्या हातांखालून जात होत्या! काड्या निर्जंतुक केलेल्या होत्या. पण निर्जंतुक करताना जंतू मरतात, डी. एन. ए. मात्र शिल्लक राहू शकतो. कित्येक वर्षे चाचणी बिनचूक उत्तर देत होती. बिनचूक उत्तर, पण भलत्याच प्रश्नाचे. गुन्हेगार कोण, असे पोलीस विचारीत होते. काडीला हात कोणाचा लागला, ते चाचणी सांगत होती. 'सी. एस. आय.'च्या पहिल्याच भागात ही बाई पकडली गेली असती, नाही का? आणि तिला शिक्षाही झाली असती.

बोटांच्या ठशांच्या बाबतीतही असे घडले आहे. (ठशांचे वर्गीकरण करण्याची पद्धत आपल्या कलकत्त्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांच्या मेहनतीने आकाराला आली आणि १८९७ साली तेथे ठसे विभाग सुरू झाला. नाव मात्र झाले त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचे.) २००४ साली माद्रिदच्या आगगाड्यांत बॉम्बस्फोट झाले, तेव्हा एका पिशवीवरचा ठसा अमेरिकेतील एका वकिलाचा आहे असे एफ. बी. आय.च्या तज्ज्ञांनी छातीठोकपणे सांगितले. त्या गृहस्थांना अटकही झाली. पुढे स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचे दाखवले आणि एफ. बी. आय.ला माफी मागावी लागली. संगणकाने काय केले होते? त्याने जुळण्याजोग्या ठशांची एक यादी दिली होती, एवढेच. पडद्यावर लाल अक्षरांत 'जुळले!' असे जे झळकते, तसे संगणक म्हणत नाही. त्यापुढचा निर्णय माणसाचा डोळा करतो, आणि डोळा चुकतो.

याहून गंभीर गोष्ट केसांची. गुन्ह्याच्या जागी सापडलेला केस आणि संशयिताचा केस सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवून तुलना करण्याची पद्धत कित्येक वर्षे वापरात होती. २०१५ साली एफ. बी. आय.ने आपल्याच जुन्या खटल्यांच्या तपासणीचा निकाल जाहीर केला. तज्ज्ञांची साक्ष आरोपीविरुद्ध गेली असे २६८ खटले तोवर तपासून झाले होते. त्यांपैकी २५७ खटल्यांत तज्ज्ञांनी विज्ञानाला जेवढे सांगता येते त्यापेक्षा जास्त सांगितले होते. ती सारी माणसे निर्दोष होती असा याचा अर्थ नाही. पण काहींना फाशीची शिक्षा झाली होती. न्यायालयात उभे राहून पडद्यावरच्या शास्त्रज्ञासारखे बोलले, तर त्याची किंमत कोणाला तरी अशी मोजावी लागते.

या मालिका पाहून लोकांच्या अपेक्षा बदलतात काय, याची पाहणीही झाली आहे. अमेरिकेत खटल्याचा निकाल सामान्य नागरिकांची ज्यूरी देते. मिशिगन राज्यातील डोनाल्ड शेल्टन या न्यायाधीशांनी २००६ साली ज्यूरीसाठी बोलावलेल्या सुमारे एक हजार नागरिकांना प्रश्न विचारले. प्रत्येक फौजदारी खटल्यात काही ना काही शास्त्रीय पुरावा असायलाच हवा असे ४६ टक्के लोकांना वाटत होते. प्रत्येक खटल्यात डी. एन. ए. हवा असे २२ टक्क्यांना. मात्र अशा मालिका पाहणारे लोक त्यामुळे आरोपींना सरसकट सोडून देतात, या वकिलांच्या भीतीला पाहणीत आधार सापडला नाही. हेही सांगायला हवे. नाहीतर माझी गतही पडद्यावरच्या शास्त्रज्ञासारखीच व्हायची!

दुसरी मालिका आहे 'द वायर'. २००२ ते २००८ या काळातील या साठ भागांच्या मालिकेला समीक्षकांनी अक्षरशः डोक्यावर घेतले. (ती मोठ्यांसाठी आहे, तेव्हा तुम्ही थोडे थांबा.) बाल्टिमोर शहरातील पोलीस आणि मादक पदार्थ विकणाऱ्या टोळ्या यांची ही कथा. ती रचणारे डेव्हिड सायमन हे त्याच शहरातील दैनिकाचे पोलीस वार्ताहर, आणि त्यांचे सहकारी एड बर्न्स हे तेथेच डिटेक्टिव्ह होते, नंतर शाळेत शिक्षक झाले. तिच्यात चकाकणारी यंत्रे जवळजवळ नाहीत. पहिल्या पर्वात पोलिसांना टोळीच्या पेजरवर येणारे दूरध्वनी क्रमांक दिसू लागतात, पण तेवढ्यासाठी आधी न्यायालयाची परवानगी मिळवावी लागते आणि मिळालेले क्रमांकही चुकीचे निघतात. कारण टोळीने सांकेतिक पद्धत केलेली असते. फोनच्या बटणांची मांडणी डोळ्यांसमोर आणा. मधले ५ ओलांडून समोरचा अंक घ्यायचा: १ चा ९, २ चा ८, ३ चा ७, ४ चा ६, आणि ५ व ० यांची अदलाबदल. म्हणजे पेजरवर ६९५ आले तर खरे आकडे ४१०. हे कोडे सोडवतो तो प्रेझ नावाचा, पोलीस म्हणून अगदी सुमार असलेला तरुण. पुढे तो शाळेत गणित शिकवू लागतो, हे मला फार आवडले.

याच पर्वातले एका स्वयंपाकघरातले दृश्य विशेष नावाजले गेले आहे. खून होऊन बराच काळ लोटलेला. दोघे डिटेक्टिव्ह जुनी छायाचित्रे आणि मोजपट्टी घेऊन येतात. गोळी कोठून आली असेल? कागदपत्रांत लिहिलेले जुळत नाही. ते खिडकीच्या काचेतील भोकाचा विचार करतात, तेथून रेषा धरतात आणि शीतकपाटाच्या दारात घुसलेली गोळी शोधून काढतात. दोन बिंदूंमधून एकच सरळ रेषा जाते, हा तुमच्या भूमितीचा नियम! अंदाज बांधायचा, ताडून पाहायचा, चुकला तर सोडायचा, हे सारे त्यात आहे. (संवाद म्हणाल तर एकच शिवी वेगवेगळ्या सुरांत, ती येथे छापण्याजोगी नाही.) पण याच दृश्यात शेवटी बाहेर जमिनीवर गोळीचे रिकामे काडतूसही आयते सापडते. इतक्या दिवसांत पाऊस नाही, झाडू नाही, खेळणारी पोरे नाहीत? येथे लेखकाने थोडी लबाडी केली आहे. पाचव्या पर्वात तर एक डिटेक्टिव्ह मृतदेहांवर खुणा करून अस्तित्वातच नसलेला खुनी उभा करतो. ते कथानक मालिकेच्या कित्येक चाहत्यांनाही पटले नाही, आणि मलाही नाही.

तरीही या मालिकेला मिळालेली वास्तवतेची पावती मी बहुतांशी मान्य करीन, ती अशा प्रसंगांसाठी: त्याच पाचव्या पर्वात अनेक खुनांचे नमुने प्रयोगशाळेत निकामी होतात. कारण काय, तर एका हंगामी कर्मचाऱ्याने नोंदींचा केलेला घोळ. जर्मनीतल्या काड्या आठवल्या ना? आणि त्या पर्वाचे पहिलेच दृश्य पाहा. एका पोराला डिटेक्टिव्ह म्हणतात, हे असत्य पकडणारे यंत्र आहे, यावर हात ठेव. मग प्रश्न विचारतात. यंत्रातून 'खरे' असे छापलेला कागद बाहेर येतो. पुन्हा प्रश्न, पुन्हा 'खरे'. मग एकदा 'खोटे'. यंत्र खोटे बोलत नाही असे पोराला वाटते आणि तो कबुली देऊन टाकतो. ते यंत्र म्हणजे कचेरीतले साधे झेरॉक्स मशीन असते. कागद पोलिसांनीच आधी भरून ठेवलेले.

खरे असत्यशोधक यंत्र, म्हणजे पॉलिग्राफ, नाडी, रक्तदाब, श्वास आणि घाम मोजते. असत्य मोजण्याचे एकक अजून कोणी शोधलेले नाही. घाबरलेल्या निरपराध माणसाचीही नाडी जलद चालते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी दिलेल्या निकालाप्रमाणे ही चाचणी, तसेच नार्को आणि मेंदूच्या लहरींची चाचणीही, कोणावरही त्याच्या संमतीशिवाय करता येत नाही.