कापऱ्या हातांचा हक्क

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांत भातलावणीच्या दिवसांत कष्टकऱ्याची मिळकत त्याच्या बोटांवर अवलंबून असते. ती बोटेच कापू लागली, तर घरचे ‘वय झाले’ म्हणतात आणि गाव दारूचा संशय घेते. पुष्कळदा हा ‘इसेन्शियल ट्रेमर’ नावाचा विकार असतो. कामासाठी हात उचलला की तो थरथरतो. विसावलेला हात थरथरवणारा कंपवात निराळा.

या विकारावर आता कवटी न उघडता उपचार होतो. रुग्णाला जागेपणीच एमआरआय यंत्रात ठेवतात. एक हजारांहून अधिक स्रोतांतून निघालेल्या अल्ट्रासाऊंड लहरी मेंदूतील थॅलॅमसच्या एका बिंदूवर एकवटतात. तेथील तापमान साठ अंशांच्या आसपास जाते व कंपास कारण होणारा सूक्ष्म भाग निकामी होतो. अमेरिकेने २०१६ साली या उपचारास मान्यता दिली. तो निर्दोष नाही. काहींचा तोल जातो, काहींना बधिरता येते. काहींच्या कवटीची घडण त्यास अनुकूल नसते.

भारतात ही सोय मोजक्या रुग्णालयांतच आहे. म्हणून ती श्रीमंतांची चैन ठरवून मोकळे होणे चूक आहे. डोंगरातल्या हातालाही विज्ञानावर तितकाच हक्क आहे. परंतु त्या यंत्राची वाट तालुक्याच्या दवाखान्यातूनच जाते. प्रोप्रॅनोलॉल हे जुने, स्वस्त औषध अनेकांचा कंप आटोक्यात आणते. मात्र दमेकऱ्यास ते घातक ठरू शकते. थायरॉईडच्या विकारानेही हात कापतात. सारांश, आधी नीट निदान हवे.

पैशाअभावी कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ सालीच मांडले होते. तालुक्याशी नावाचे साम्य हा योगायोग. तत्त्वाचे उत्तरदायित्व मात्र शासनाचे. वेल्ह्यातील पानशेतचे पाणी पुण्याच्या नळांना जाते. त्याच वाटेने पुण्याचा मेंदूविकारतज्ज्ञ महिन्यातून एकदा तरी उलट आला पाहिजे. दोन्ही तालुक्यांच्या सरकारी रुग्णालयांत औषधाचा साठा अखंड राहिला पाहिजे. औषधाने ज्यांना गुण येत नाही, त्यांच्यासाठी हा नवा उपचार सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विनामूल्य झाला पाहिजे.

कार्यकर्त्यांनी वाडीवस्तीवर फिरून अशा रुग्णांना दवाखान्यापर्यंत न्यावे, आणि या मागण्या तहसील कचेरीवर धडकवाव्यात. कापणारा हात भिक्षेसाठी पुढे आलेला नाही. त्याला पुन्हा काम करायचे आहे.