धक्का आधीं, बिऱ्हाड मागाहून

शहरांत घरें हवींत, याविषयीं दुमत नाहीं. परंतु तीं बांधण्याची खडी जेथें आगगाडीनें उतरते, तो धक्काच घरांसाठीं मोडावा काय? मग तीच खडी मोटारलॉऱ्यांनीं भर वस्तींतून येईल. लंडनच्या २०२१ च्या नगरयोजनेनें टेम्सकांठचे मालधक्के व खडीचे रेल्वेधक्के राखण्याचें धोरण पत्करलें असून, शेजारीं नवीं घरें बांधणारानेंच आवाज-धुळीचें निवारण करावें, असें ठरविलें आहे. हा न्याय आम्हांस पटतो. मागाहून आलेल्यानें आधींची चूल विझवूं नये. मात्र जाड कांचेच्या खिडक्या नकाशांतच राहिल्या, तर झोप जाईल ती भाडेकऱ्याची. म्हणून बिऱ्हाडें येण्यापूर्वीं त्या प्रत्यक्ष बसल्या कीं नाहीं, हें नगरसंस्थेनें स्वतः तपासावें, असें आमचें मत आहे.