बाळाला हात लावू?

पहिलीतली एक मुलगी परवा रुसून म्हणाली, "बाई, मी बाळाला हात लावला की सगळे माझ्यावरच ओरडतात!"

मुलांनो, तुमच्याही घरी असंच होतं ना? अहो, बाळाची टाळू मऊ असते. ती भरायला साधारण दीड वर्ष लागतं. मान धरायलाही तीन-चार महिने लागतात. म्हणून बाळाला एकट्यानं उचलायचं नाही, गदागदा हलवायचं नाही.

मग खेळायचं कसं? हात धुवा, शेजारी बसा आणि आपलं बोट बाळाच्या तळहातावर ठेवा. बघा, कसं घट्ट धरतं ते!

आणि आईबाबांनो, "हात लावू नकोस" म्हणण्याऐवजी मोठ्या लेकराचा हात हातात घ्या आणि "असा लाव" म्हणून दाखवा. बाळ आल्यापासून तो हातही तुमची वाट बघतोय.