संडासात ॲसिड ओतण्यापूर्वी

भगिनींनो, संडासाचे भांडे चकचकीत दिसावे म्हणून अनेक घरांत ॲसिड आणि फिनाइल सढळ हाताने ओतले जाते. भांडे उजळते, पण ते सगळे खाली सेप्टिक टँकमध्ये उतरते आणि तिथे आपल्यासाठी राबणारे जीवाणू मारते.

टँकमध्ये मैला तळाशी बसतो, तेल-चरबी वर तरंगते. हवेशिवाय जगणारे जीवाणू तो मैला कुजवून कमी करतात. ते मेले की टँक लवकर भरतो आणि दुर्गंधी सुटते. टँकमधून बाहेर पडणारे पाणी नितळ दिसले तरी त्यात रोगजंतू असतात. ते शोषखड्ड्यात गेले, तर मातीतले जीवाणू उरलेली बरीच घाण खाऊन टाकतात. सेलूच्या काळ्या मातीत पाणी हळू मुरते आणि खालच्या खडकाला भेगा असतात, म्हणून हा खड्डा विहीर-बोअरपासून दूर हवा. नाहीतर मुलांच्या जुलाबाचे, काविळीचे, टायफॉइडचे कारण आपल्याच अंगणात असते. टँकचे पाणी उघड्या नालीत सोडले, तर दुधनेसारखी नदीही नासते.

शहरांतील मोठी केंद्रेही जीवाणूंवरच चालतात. १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडली आणि तळाचा जिवंत गाळ फेकून न देता पुन्हा वापरला. आठवड्यांचे काम तासांवर आले. नागपुरात भांडेवाडीला शुद्ध झालेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिले जाते.

असे पाणी पाक मानावे का? १९७८ साली सौदी अरबच्या ज्येष्ठ उलमांच्या परिषदेने निर्णय दिला, की प्रक्रियेनंतर रंग, चव आणि वास यांत घाणीचा मागमूस उरला नाही, तर ते पाणी पाक आहे. पिण्यासाठी मात्र आरोग्याच्या दृष्टीने ते टाळावे.

आपण एवढे करू या:
• रोजच्या सफाईला ब्रश, पाणी आणि थोडा साबण वापरावा.
• तळणीचे उरलेले तेल, डायपर, पॅड, प्लास्टिक संडासात टाकू नये.
• २-३ वर्षांनी टँक यंत्राच्या गाडीने उपसून घ्यावा.
• टँकमध्ये माणूस कधीही उतरवू नये. आतला वायू क्षणात जीव घेतो, आणि २०१३ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. चार पैसे वाचतात म्हणून कुणाच्या घरचा कमावता माणूस आपल्या अंगणात मरू नये.