मोखाड्याचे पाणी, ॲमेझॉनचे मासे

मुंबईतल्या घरात माशांची काचेची टाकी भरली जाते, तेव्हा शहराला नळाने मिळणाऱ्या पाण्यात मोखाडा तालुक्याचाही वाटा असतो. कोचाळ्याजवळचे मध्य वैतरणा धरण २०१४ मध्ये पूर्ण झाले. ते मुंबईला दिवसाला ४५ कोटी ५० लाख लिटर पाणी देते. त्या पाण्यातले क्लोरीन घालवून आपण त्यात निऑन टेट्रा आणि एंजल सोडतो. पाणी वैतरणेचे, मासा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. यात अपराध काही नाही. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे आज बहुतांशी पैदास केंद्रांतूनच येतात. मात्र हा छंद माणसाला पाणी ओळखायला, नाजूक जीव जगवायला आणि काचेआडून त्याचे नेमके छायाचित्र टिपायला शिकवतो. हे कसब दिवाणखान्यापेक्षा जव्हार-मोखाड्याच्या ओढ्यांवर जास्त उपयोगी आहे, आणि तिथला एकही मासा घरी न आणता ते वापरता येते, असे माझे ठाम मत आहे.

ओढ्यातल्या बोटभर माशांची ओळख आपण फार निष्काळजीपणे ठेवली आहे. १८३९ मध्ये कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची शास्त्रीय नावे ठरवली, तेव्हा त्याने पुष्कळदा इथल्या लोकांच्या तोंडचे शब्दच उचलले. गारा मुल्ल्या या नावात आपला मळ्या आहे. साइक्सच्या ‘मूरेह’मध्ये मुरी ओळखू येते. जगभरच्या ग्रंथांत आपल्या बोलीतली नावे आहेत, पण मराठी घरातल्या मुलाला गप्पी आणि गोल्डफिश तेवढे ठाऊक. शिवाय शास्त्रज्ञाच्या बरणीत, फॉर्मेलिनमध्ये ठेवलेल्या माशाचा रंग उडतो. अंगावरचा निळसर पट्टा, परांची पिवळी कड, विणीच्या दिवसांतली लाली हे सारे जिवंतपणीच टिपावे लागते. मळ्याच्या तोंडाखाली चकतीसारखा अवयव असतो. वाहत्या पाण्यात तो त्याच्या आधाराने खडकाला धरून राहतो. ती चकती नीट पाहायची तर मासा काचेला चिकटलेला हवा आणि कॅमेरा काचेखाली. जैविक विविधता कायद्यानुसार गावोगावी लोक जैवविविधता नोंदवही असते. तिच्यात माशाच्या नुसत्या नावापुढे असे चित्र असेल, तर पुढच्या पिढीला मासा ताडून पाहता येईल.

यासाठी लागणारे सामान थोडे आहे. वीतभर रुंद आणि दोन-तीन बोटे खोलीची टाकी, मासा समोरच्या काचेजवळ राहावा म्हणून आत सरकवायची दुसरी काच, मागे करड्या रंगाचा पुठ्ठा. पाणी त्याच ओढ्याचे, ताजे आणि सावलीत ठेवलेले. कारण वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातला मासा तापल्या टाकीत लगेच धापा टाकू लागतो. हात ओले, लेन्स काचेला समांतर, प्रकाश वरून किंवा तिरका, म्हणजे काचेत चकाकी येत नाही. पर पसरलेले एका बाजूचे चित्र मिळाले, शेजारी मोजपट्टी दिसली की काम संपले. काही मिनिटांत मासा जिथला तिथे परत.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा की सुंदर चित्र हीच व्यापाऱ्याला दिलेली वाट ठरते. तो खोटा नाही. केरळ-कर्नाटकातल्या नद्यांमधला डेनिसन बार्ब त्याच्या लाल पट्ट्यामुळे जगभरच्या टाक्यांत पोचला, आणि बेसुमार पकडीमुळे संकटग्रस्तांच्या यादीत गेला. म्हणून चित्राखाली तालुक्याचे नाव पुरे. डोहाचा पत्ता छापू नये. उलट बाजूने ब्राझीलमधल्या रिओ निग्रोचा दाखला देतात: तिथे कार्डिनल टेट्रा पकडून गरीब कुटुंबे जगतात, मग मोखाड्यात का नको? कारण तिथला पूरप्रदेश अफाट आहे, आणि पाणी ओसरताना त्या अल्पायुषी माशांपैकी असंख्य एरवीही मरतात. इथे गणित उलटे आहे. चैत्र-वैशाखात ओढा तुटतो आणि चार-दोन डोह उरतात. त्यांत तगलेले मासे हेच पुढच्या पावसाचे बियाणे. ते उचलणे म्हणजे घरातले बी-बियाणे विकून खाणे. ओळख पटल्यावर संरक्षणही मिळू शकते, हे आंबोलीत दिसले. तिथल्या मंदिराच्या कुंडातली माशाची नवी जात २०२० मध्ये जगापुढे आली, आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. जिथे मूल कुपोषित राहते, जिथली माणसे कामासाठी वर्षातले कित्येक महिने बाहेर असतात, तिथे मासा हे अन्न आहे. त्याचे फोटो काढत बसणे शहरी चैन नव्हे काय? परवानगी आणि मोबदला न देता केले, तर चैनच. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने मासे व पाण्यातल्या इतर उपजांवरचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. तेव्हा कॅमेरा बाहेर काढण्याआधी ग्रामसभेला विचारणे हा शिष्टाचार नाही, हक्काचा मान आहे. मासा कुठल्या दगडाखाली असतो हे वारली, कोकणा, कातकरी माणसालाच ठाऊक; त्या ज्ञानाची रोजंदारी द्यावी आणि नोंदीत माशाचे नाव त्या माणसाच्या बोलीतले आधी लिहावे.

खाऱ्या पाण्याच्या टाकीबद्दल थोडेच सांगतो. तिथले मासे अजूनही बहुतांशी समुद्रातून पकडलेले असतात, आणि दगडी प्रवाळ बाळगण्यावर वन्यजीव कायद्याची बंदी आहे. तिथे संयम आणखी हवा. कुठल्याही टाकीतला नकोसा झालेला मासा मात्र ओढ्यात सोडायचा नाही. सकरमाउथसारखे परके मासे भारतातल्या कित्येक तलाव-नद्यांत असेच रुजले.

राहिला प्रश्न वेळेचा. वलगणीच्या दिवसांत, पहिल्या पावसात मासे अंडी घेऊन शेतांकडे चढत असतात, तेव्हा टाकी घेऊन जाऊ नये. उन्हाळ्यात डोह आटतात, तेव्हाही नाही. भाताची कापणी सुरू होते, ओढ्याचे पाणी निवळते, तळाचे गोटे दिसू लागतात, पण धार अजून तुटलेली नसते. दिवाळीच्या आगेमागेचे ते दिवस या कामाचे.